राखणदार

तो आमच्या घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला पापलेटाचा वास येत होता. कोलंबसमधल्या एका देशी दुकानाच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी तो उपडा पडला होता. थर्मोकोलचा पांढरा खोका. दीड हात लांब, हातभर रुंद, दोन बोटं जाड भिंती आणि वर घट्ट बसणारं झाकण. एक कोपरा उडालेला. कुठल्या तरी समुद्राकाठून बर्फातली मासळी सांभाळत तो ओहायोपर्यंत आला होता. मासळी उतरली, बर्फ वितळला, आणि मग त्याला कुणी वाली उरला नाही.

"आई, हा घेऊ या," लेक म्हणाला. "ह्याला गारवा राखता येतो, म्हणजे ऊबही राखता येईल."

त्याला त्या खोक्यात सापाची अंडी उबवायची होती.

ही 2011 सालच्या वसंतातली गोष्ट. लेक तेव्हा चौदा वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याने हट्टाने एक कॉर्न स्नेक पाळायला आणला होता. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. पोटावर काळे-पांढरे चौकोन, रंगीत मक्याच्या कणसासारखे. त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागावर सापडायचा म्हणून पडलं, असंही सांगतात. पाठ नारिंगी, तिच्यावर विटकरी ठिपके. मी तिला अबोली म्हणू लागले, रंगावरून आणि स्वभावावरूनही. आपल्याकडे देशी साप घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ही मात्र पाळीव पैदाशीतलीच होती, पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरात जन्मलेली. त्या मार्चमध्ये लेकाच्या मित्राकडचा नर आठवडाभर पाहुणा आला आणि मेच्या सुरुवातीला अबोलीचं पोट शेपटीच्या अंगाने फुगलेलं दिसू लागलं.

खोका धुवायला मला तीन दिवस लागले. खायचा सोडा, लिंबू, पुन्हा सोडा, आणि मग अंगणातलं ऊन. वास गेला तशी लेकाने त्याची नवी मांडणी सुरू केली. तळाला उष्णतेची चपटी पट्टी चिकटवली. तिच्यावर जाळी, जाळीवर झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे. कुशीत भोक पाडून थर्मोस्टॅटची तार आत सोडली. तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढी गाठ असते. ती दोन डब्यांच्या मधोमध ठेवली. तीच खोक्याची जीभ, आतली ऊब चाखून बघणारी. झाकणाला खिडकी हवी होती, म्हणून आमच्या लग्नाच्या एका फोटोच्या चौकटीतली काच काढून बसवली. उडालेल्या कोपऱ्याला तपकिरी चिकटपट्टीचं ठिगळ लावलं. थर्मोस्टॅटचा काटा 82 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम 28 सेल्सिअसवर, आणून ठेवला. त्या क्षणी खोका पहिल्यांदा बोलला: टक.

अंथरूण व्हर्मिक्युलाइटचं. अभ्रकासारखं हे खनिज भाजलं की लाह्यांसारखं फुलतं आणि सोनेरी, हलकं होतं. त्यात त्याच्याच वजनाइतकं पाणी मिसळायचं. परीक्षा मुठीत: दाबलं की लाडवासारखा मुटका व्हावा, पण बोटांतून पाण्याचा थेंब गळू नये. लेक वजनकाट्यावर ग्रॅम मोजत होता, मी नुसत्या मुठीने सांगितलं, "अजून दोन चमचे घाल." माझी मूठ आणि त्याचा काटा जुळले.

अबोलीने कात टाकली, त्यानंतर अकराव्या दिवशी ओल्या शेवाळाच्या डब्यात शिरून तिने अकरा अंडी घातली. पांढरी, लांबट, कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नसलेली. बोट टेकवलं तर ओल्या मऊ चामड्यासारखी लागतात. घालून झाल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रानातही ती असंच करते: कुजक्या ओंडक्यात, पानांच्या ढिगात अंडी घालायची आणि निघून जायचं. पुढचे दोन महिने त्या अंड्यांचं जे काही होतं ते जमिनीची ऊब आणि ओल यांच्या भरवशावर. आमच्या घरात ती जमीन म्हणजे हा खोका.

पहिल्या वर्षी मी त्याचं ऐकलं नाही.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. तिथे कोंबडी खुडूक झाली की आई टोपलीत पेंढा पसरून तिला अंड्यांवर बसवायची. मधेच दुसऱ्या कोंबडीने घातलेलं ताजं अंडं त्यांत मिसळू नये म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढायची. एकवीस दिवस ती कोंबडी चोचीने अंडी फिरवत राहायची, कडेचं आत, आतलं कडेला. लेकानेही अंडी डब्यात मांडताना प्रत्येकावर पेन्सिलीने एक ठिपका काढला. मला वाटलं, आईच्या कोळशाचीच खूण. जूनमध्ये तो आठवडाभर शिबिराला गेला. जाताना सांगून गेला, "फक्त आकडा बघत जा." पण नुसतं बघण्यावर माझं समाधान होईना. इतके दिवस अंडी एकाच कुशीवर पडून राहणार, हे मनाला पटेना. त्या वर्षी अंडी एकमेकांना फारशी चिकटलेलीही नव्हती. मी रोज सकाळी झाकण उघडून, हात धुऊन, अगदी हलक्या हाताने ती फिरवून ठेवू लागले.

लेक परत आला, काचेतून त्याने पाहिलं. एकाही अंड्याचा ठिपका वर नव्हता. तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून खोक्यासमोर बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

मग त्याने मला समजावलं, आणि आवाज चढवून समजावलं असतं तर बरं, इतक्या शांतपणे समजावलं. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांना पीळदार दोर असतात. अंडं फिरलं तरी बलक त्यांच्यावर तोलून राहतो. उलट फिरवलं नाही तर जीव कवचाला चिकटून बसतो. सापाच्या अंड्यात हे दोर नसतात. घातल्यानंतर दिवसभरातच आतला जीव वरच्या बाजूला कवचाच्या आतून आपली जागा धरतो आणि तिथेच रुजतो. नंतर अंडं उलटलं तर बलकाचा भार त्याच्यावर येतो, नाळ ताणते. पेन्सिलीचा ठिपका म्हणजे 'ही बाजू आभाळाकडे' एवढाच निरोप. मी तो वाचला नव्हता. अकरा अंड्यांतून तीनच पिल्लं बाहेर आली. बाकीची एकेक करून पिवळी पडली, त्यांच्यावर बुरशीची लव धरली.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझ्या माहेरापासून वेळास काही फार लांब नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 सालापासून तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम उभं केलं. वाळूतलं घरटं सापडलं की अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवतात. हलवायची ती होता होईल तितक्या लवकर आणि अंडं न उलटवता. त्या अंड्यांतही जीव असाच वर चिकटतो. कासवाच्या अंड्याबाबत ऊब आणखी एक गोष्ट ठरवते: वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर. सापाच्या बाबतीत ते ऊब ठरवत नाही, आईबापांकडून आधीच ठरून आलेलं असतं. ऊब फक्त घडण पुरी करते.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कोंबडीची माया चोचीत असते. ह्या जातीची कशात असते ते आधी बघायला हवं होतंस."

ती कशात असते ते मी पुढच्या वर्षी खोक्याकडून शिकले.

28 मे 2012 रोजी अबोलीने चौदा अंडी घातली. या खेपेला घट्ट चिकटलेली, एकच घोस. तो घोस जसा होता तसा उचलून लेकाने डब्यात ठेवला, ठिपके काढले आणि झाकणाच्या कडेला पेन्सिलीने तारीख लिहिली. मी समोरच्या खुर्चीत बसून खोक्याचा स्वभाव निरखू लागले.

त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: जे आत दिलं ते राखायचं. पूर्वी बर्फ दिला होता, त्याने बर्फ राखला. आता ऊब दिली, ऊब राखतो. स्वतःचं त्याला काही नको असतं. बाहेर वातानुकूलन यंत्राचा गारठा असो की दुपारचा उकाडा, त्याच्या भिंतींच्या आत एकच ऋतू असतो. दिवसभर तो गप्प. रात्री घर गार पडलं की त्याची टकटक वाढते. पट्टी चालू होते, टक. पुरेसं झालं की बंद होते, टक. पहाटे पहाटे तर दर पाच-सात मिनिटांनी. माझी झोप तशी सावध. अंधारात तो आवाज ऐकू आला की कुणीतरी जागं आहे असं वाटायचं.

सगळ्याच सापिणी अंडी टाकून जात नाहीत. आपल्याकडची अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, आणि गारवा वाढला की अंगाचे स्नायू आखडून-सोडून, थरथरून स्वतःची ऊब वाढवते. थंड रक्ताचा म्हणवणारा प्राणी असं करू शकतो हे सहजासहजी पटण्यासारखं नव्हतं. 1966 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीवर ते नीट मोजून दाखवलं गेलं. हवा जितकी गार, तितकी तिची थरथर दाट. लेकाने हे मला वाचून दाखवलं त्या रात्री खोक्याची टकटक मला निराळी ऐकू आली. अबोलीला जे येत नव्हतं ते तो तिच्या वतीने करत होता.

आठवड्यातून एकदा लेक झाकण उघडायचा, तेही पंख्यासारखं दोनदा हलवून पुन्हा लावायला, कारण अंडी कवचातून श्वास घेतात. तिसऱ्या आठवड्यात त्याने दिवे घालवले, छोटी विजेरी एका अंड्याला टेकवली. अंडं गुलाबी उजळलं. आत जाळी पडलेल्या पिंपळपानासारख्या लाल शिरा, आणि शिरांच्या मधे एक काळा ठिपका, धडधडणारा. माझा हात आपोआप पुढे गेला होता. मी तो मागे घेतला.

शुक्रवार, 29 जून. बत्तिसावा दिवस. दुपार कलताना पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं आणि वाऱ्याची अशी भिंत आली की समोरचं मेपलचं झाड मुळासकट आडवं झालं. त्या एका वादळाने इंडियाना-ओहायोपासून थेट वॉशिंग्टनपर्यंत लाखो घरांची वीज नेली. आमचीही गेली, आणि त्यामागून आला तो उन्हाचा तडाखा. शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावर 34 सेल्सिअस झालं. अंड्यांना थोडा गारवा चालतो, वाढ जरा मंदावते इतकंच. उकाडा मात्र चालत नाही. 32-33च्या वर फार वेळ गेला तर पिल्लं आतच दगावतात किंवा पाठीच्या कण्यात बाक घेऊन जन्मतात. खोका मुका झाला होता, पण भिंती कामावर होत्या. बाहेर 34 असताना आत 29 होतं. आकडा चढत होता, पण हळूहळू, त्याच्याकडून होईल तितका रोखून धरत.

"तळघरात न्यायला हवं," लेक म्हणाला. "जराही न कलंडू देता."

वरून तळघरापर्यंत सत्तावीस पायऱ्या. माझ्या नवऱ्याला सापाचं भय. त्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो आला आणि खोक्याचं दुसरं टोक त्याने धरलं. वरची बाजू त्याने छातीशी धरली, खालची लेकाने खांद्याइतकी उंच. मी पुढे मेणबत्ती घेऊन एकेक पायरी मोठ्याने मोजत होते. काठोकाठ भरलेली कळशी विहिरीवरून आणावी तसे आम्ही तिघं उतरलो. झाकणावर लेकाने पाण्याची वाटी ठेवली होती, कल कळावा म्हणून. तळाशी पोचलो तेव्हा वाटीतलं पाणी सांडलं नव्हतं.

तळघरात 22 होतं. आता उलटी काळजी. गॅसची शेगडी काडी लावून पेटत होती. पाणी कोमट करायचं, बाटल्यांत भरायचं, बाटल्या जुन्या पंचात गुंडाळून डब्यांच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या. मग खोका त्या चार बाटल्यांची ऊब चार-चार तास पुरवून पुरवून वापरायचा. तीन रात्री आम्ही पाळीपाळीने उठलो. माझ्या पाळीला आकडा कधी 26 असायचा, कधी 28. झाकण उघडून बाटल्या बदलायच्या आणि लावून टाकायचं. अंड्यांकडे हात न्यायचा नाही. माझ्या हातांना इतकं काम आणि इतकी मनाई एकाच वेळी कधी मिळाली नव्हती.

गाडीत फोन चार्ज करून आईला कळवलं. ती म्हणाली, "वीज आली की त्या राखणदाराला नारळ दे."

आमच्याकडे वाडीला राखणदार असतो. तो कुणाला दिसत नाही, कुणाच्या कामात पडत नाही, हद्दीवर उभा असतो एवढंच. सापाच्या रूपात फिरतो असंही म्हणतात. मंगळवारी रात्री दिवे आले, तळघरात टक झालं, आणि मी खरोखरच खोक्यासमोर नारळ ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव राखणदार.

23 जुलैला नागपंचमी आली. छप्पन्नावा दिवस. अंडी आता खपाटीला गेली होती, उशीवर डोकं टेकल्यासारखे खड्डे पडले होते. बाहेर यायचे दिवस जवळ आले की असं होतं. लेकाला हे ठाऊक होतं, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आत अडकली असतील तर? एखाद्या अंड्याला कात्रीने बारीक चीर देऊन बघावी का? असं करणारे लोक आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला कहाणी सांगितली. शेतकऱ्याचा नांगर वारुळात घुसतो आणि नागिणीची पिल्लं फाळाखाली मरतात, ती. म्हणून त्या दिवशी आपल्याकडे नांगर धरत नाहीत, जमीन खणत नाहीत, भाजी चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. जे करायचं ते उकडून. लहानपणी मला हे नुसते नियम वाटायचे. त्या दिवशी दिंडं उकडत ठेवून मी त्या पांढऱ्या खोक्याकडे पाहिलं तेव्हा उमगलं की कुणीतरी फार पूर्वी माझ्यासारखीच चूक केली असणार, आणि तिची आठवण म्हणून वर्षातला एक दिवस हातांना आवरायला राखून ठेवला असणार. राखणदार तो एक दिवस साठ दिवस पाळतो.

लेकाने कात्री खणात ठेवून दिली.

28 जुलैला सकाळी काचेतून पाहिलं तर एका अंड्यावर तीन बारीक समांतर चिरा, पात्याने ओढल्यासारख्या. पिल्लाच्या नाकाच्या टोकाला अंडदात असतो, याच एका कामापुरता. काम झालं की गळून पडतो. एका चिरेतून नाक आलं. तांदळाच्या दाण्याएवढं. मग डोळे. आम्हाला पाहून ते आत गेलं, थोड्या वेळाने पुन्हा आलं. असं ते दीड दिवस करत होतं. त्याला घाई नसते. आतला उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो. तीन दिवसांत तेरा पिल्लं बाहेर आली, सव्वा वीत लांब, पेन्सिलीहून जराशी बारीक. एक अंडं मात्र उघडलं नाही. आठ-दहा दिवसांनी सगळ्यांनी पहिली कात टाकली आणि मग पहिला घास घेतला. कॉर्न स्नेक ओहायोचा मूळ रहिवासी नाही, त्यामुळे रानात सोडायचा प्रश्नच नव्हता. नीट खाऊ लागली तशी लेकाने ती जाणत्या घरांत दिली. एक मादी स्वतःकडे ठेवली.

तो व्हिडिओ मी गावी पाठवला तेव्हा भावाने सांगितलं की तिथले सर्पमित्रही हेच करतात. घराचा पाया खणताना धामणीची, नागाची अंडी निघाली की जशी होती तशी उचलायची, वर खूण करायची, ओलसर मातीच्या डब्यात ठेवायची आणि वाट पाहायची. पिल्लं झाली की वनखात्याला कळवून रानात सोडायची. त्यांचे राखणदार बरणीचे, घमेल्याचे, बिस्किटांच्या डब्याचे असतात, एवढाच फरक.

पुढे लेक शिकायला गेला, नोकरीला लागला, अबोलीला आणि तिच्या लेकीला घेऊन दुसऱ्या गावी राहू लागला. खोका तळघरातल्या फळीवर राहिला. थर्मोकोल पिवळा पडला, ठिगळाच्या कडा सुटल्या. झाकणावरच्या तारखा मात्र वाचता येत होत्या: 2011, 2012, आणि नंतरच्या दोन.

2018च्या मेमध्ये लेक आला. अबोलीच्या लेकीने पहिल्यांदाच अंडी धरली होती. आता तयार उबवणी यंत्रं मिळतात, आकडा लिहून दिला की झालं. त्याला विचारलं तर म्हणाला, "ते राखतील, पण त्यांना वादळ ठाऊक नाही." त्याने खोका फळीवरून काढला, धूळ पुसली, ठिगळ बदललं, आणि जिना चढू लागला. मी खालून पाहत होते. खोका रिकामा होता. तरी तो दोन्ही हातांनी छातीशी सरळ धरून, एकेक पायरी पायाने चाचपत चढत होता, झाकणावर पाण्याची वाटी ठेवलेली असावी तसा.